भिंतीपलीकडची वीज

आमच्या लेकीने गाडी घेतली, तीही विजेवर चालणारी. ह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "हिला सायलेन्सर कुठाय?" नसतोच म्हटल्यावर ह्यांनी अशी मान हलवली, जणू दुकानदाराने लेकीला फसवलंय.

ह्यांनी जन्मभर वेल्डिंग केलं. घराला लागूनच ह्यांची पत्र्याची शेड. फाटकं, जाळ्या, जिने, काय काय तिथून बाहेर पडलं. लेक झाली तेव्हा नावावरून आमची भांडणं मिटेनात, तोवर ह्यांनी तिला ठिणगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. ठिणगी आता घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे हलते करते. बरीच वर्षं लांब राहिली, आणि आता कुठे जवळ नोकरी मिळून घरी आली. तिची चप्पल दारात दिसली की माझं अर्धं दुखणं पळतं. उरलेलं अर्धं तिने शिकवलेल्या व्यायामाचं आहे.

पण आल्या आल्याच तिने सांगून टाकलं, "आई, दवाखान्याशेजारी खोली देतायत. दाराशीच चार्जर आहे. इथे गाडी रात्रीत भरली नाही तर सकाळी मी पेशंटकडे जाऊ कशी? शुक्रवारी हो-नाही कळवायचंय."

म्हणजे माझी लेक घरात राहणार की जाणार, हे एका प्लगवर येऊन ठेपलं होतं. मी वरवर म्हटलं, "तुझ्या सोयीचं बघ." आतून मला ती खोली, तो चार्जर आणि तो शुक्रवार, तिघांचाही राग आला होता.

पहिला प्रयोग स्वयंपाकघरातून झाला. खिडकीतून एक्स्टेन्शन बाहेर सोडली आणि गाडीला जोडली. मी कॉफीसाठी विजेची किटली लावली मात्र, सगळं घर गप्प झालं. प्लगला हात लावला तर त्यावर रुमालाची इस्त्री झाली असती.

मग वायरमनला बोलावलं. माणूस कामाचा, पण जीभ हातापेक्षा जलद. त्याने एक्स्टेन्शन उचलली आणि कपाळाला हात लावला. "काकू, ही गाडी आहे, मोबाइल नव्हे. रात्रभर एवढा भार ह्या सुतळीवर टाकलात तर गाडी भरेल का माहीत नाही, अग्निशमनवाले नक्की येतील!"

त्याने स्वयंपाकघरातला पॉइंट तपासला आणि मान हलवली. न्हाणीघरातला गीझरचा पॉइंट बघितला, तो बरा होता, पण गाडी काही न्हाणीघरात शिरणार नव्हती. शेवटी तो शेडमध्ये डोकावला आणि तिथूनच ओरडला, "काका, काखेत कळसा आणि गावाला वळसा! इथे राजा बसलाय की!"

राजा म्हणजे ह्यांच्या वेल्डिंग मशीनचा पॉइंट. मीटरपासून थेट आलेली जाड वायर, स्वतंत्र अर्थिंग, शेजारी दांड्याचा जुना मेन स्विच. सॉकेट तेवढं झिजलं होतं, ते बदललं की झालं. वायरमनने विजेची गळती झाली की आपोआप पडणारा एक छोटा स्विचही बसवायचं ठरवलं. अडचण एकच. मशीनचा प्लग काढावा लागणार होता.

नजर अधू झाल्यापासून ह्यांनी मशीन चालवलं नव्हतं. पण त्याच्यावरची धूळ रोज पुसायचे, आणि प्लग कधी काढला नव्हता. मी श्वास रोखून उभी. हे पुढे झाले, प्लग ओढला, केबल मशीनला नीट गुंडाळली आणि म्हणाले, "दे तिला." मला भरून आलं. मी कॉफीचं निमित्त करून आत पळाले.

गाडी लावली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आता खोलीवाल्यांनी बसावं वाट बघत, असं म्हणून मी झोपले.

सकाळी गाडी अर्धीच भरलेली. ठिणगीचा मोबाइल सांगत होता, रात्री वीज गेली आणि उजाडता उजाडता आली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, "वीज गेली असती तर माझा फ्रिज रडला असता." ठिणगीने गाडीवाल्यांना फोन केला, त्यांनी गाडी निर्दोष ठरवली. ह्यांनी मात्र वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ठिणगीने माळ्यावरून बॅग खाली काढून ठेवली. ती बॅग बघून मला जेवण गेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी वायरमन पुन्हा आला. मीटर लावून त्याने सगळं तपासलं. वीज ठणठणीत. "आता मीही हटत नाही," म्हणाला. "इथेच बसून बघतो ही जाते कुठे." मग काय, त्याचंही ताट वाढलं. जेवणं लवकर उरकून आम्ही चौघं पायऱ्यांवर बसलो. समोर गाडीचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"रात्री शेडमध्ये कोणी जातं का?" वायरमनने विचारलं.

"छे!" हे ठणकावून म्हणाले. "तिथे कोण जाणार? कुत्रंही जात नाही."

"उंदीर?"

"उंदीर कशाला? हा त्या कंपनीचाच घोळ. गुपचूप बंद करतात, गुपचूप चालू करतात." बोलता बोलता हे उठले. आत जाऊन गॅसचा नॉब बघितला, मागच्या दाराची कडी लावली, ठिबकणारा नळ आवळला. सगळं आम्हाला ऐकू येत होतं, कारण तोंड चालूच होतं. मग बाहेर येऊन शेडमध्ये शिरले. खट्. गाडीचा हिरवा दिवा विझला. हे परत आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "हं, तर मग वीज जाते कुठे?"

वायरमनच्या हातातला पेला तसाच राहिला. ठिणगीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आणि असं हसू फुटलं, की वायरमन पायरीवरून खालीच घसरला.

"काय झालं?" हे विचारत होते.

"अहो, मेन तुम्ही पाडलात! आत्ता!"

"मी? मी कशाला पाडीन?"

मी त्यांचा हात धरून दिव्याखाली आणला. बोटांना दांड्याचं काळं लागलं होतं. हे त्या बोटांकडे बघतच राहिले. इतकी वर्षं तो खट् मी रोज ऐकत आले, आणि ऐकून ऐकून माझ्याही कानाआड झाला होता. सकाळी उठल्यावर चहाआधी दांडा वर करायचा, हीदेखील त्यांचीच सवय. म्हणून तर आम्ही बघायला जायचो तेव्हा सगळं ठणठणीत असायचं.

ह्यांचा चेहरा पडला. "म्हणजे पोरीला घालवणारा मीच," असं अगदी हळू म्हणाले.

आता मला हसू आवरावं लागलं. मी ठिणगीला म्हटलं, "ही सवय कधीची, माहितेय? तू व्हायच्या आधी हे दांडा कधी पाडत नसत. मी कानीकपाळी ओरडायचे, तरी नाही. मग तुला दवाखान्यातून घरी आणलं. तुझा पाळणा ह्या शेडच्या भिंतीला लागून होता. त्या संध्याकाळी हे उठले आणि मेन पाडून आले. म्हणाले, पलीकडे लेकरू निजलंय, अलीकडे वीज जागी नको. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. तू लांब राहायला गेलीस तरी चुकला नाही."

ठिणगीने मागे वळून आपल्या खोलीकडे बघितलं. ती अजूनही त्याच खोलीत झोपते.

वायरमनने घसा खाकरला. "काका, तो नवा स्विच काही बिघडलं तर आपोआप पडतो. आता पाडायला माणूस लागत नाही."

"म्हणजे मी लागत नाही?" हे फुरंगटले.

"हा दांडा काढूनच टाकू का?" त्याने ठिणगीला विचारलं.

"दांड्याला हात लावायचा नाही," ठिणगी म्हणाली. ती उठली, शेडमध्ये गेली, मेन वर केला आणि गाडीची किल्ली दांड्याला अडकवली. "बाबा, ही रोज इथे असेल. हाताला लागली की आठवेल."

मग तिने तिथेच उभ्या उभ्या फोन काढला आणि दवाखान्याला कळवलं, खोली नको. शुक्रवारची वाटसुद्धा बघितली नाही. बॅग मी स्वतः माळ्यावर चढवली, गुडघा दुखत असतानाही.

वायरमन गेला. आम्ही दिवे मालवून पडलो, पण ह्यांना काही चैन पडेना. पुन्हा उठून शेडमध्ये गेले. मी कान देऊन ऐकत होते. किल्ली किणकिणली. खट् काही झालं नाही.

येताना ह्यांची पावलं ठिणगीच्या दाराशी थांबली.

"ठिणगे," हे दाराबाहेरून म्हणाले, "वीज जागी आहे गं. तू झोप."