गोदाक्काची पोथी

श्रीशैल कोनाळे म्हणजे शीलाचं दैवत. नांदेडला राहणाऱ्या या लेखकाची एकूण एक कादंबरी तिनं वाचली होती, आणि नुसती वाचली नव्हती, पारायणं केली होती. "कुंकू माझ्या नावाचं आन् भक्ती कोनाळ्यांची," असं तिचा नवरा अंगद चिडवायचा. त्यात फारसं खोटं नव्हतं.

कोनाळे निजामाच्या काळावर लिहितायत असं कानावर आलं, तेव्हा शीलानंच त्यांना चाकूरला घरी बोलावलं. कारण होतं तिच्या सासूबाईंचं, नव्वदीला टेकलेल्या चांगुणाबाईंचं. त्यांची थोरली बहीण गोदा. देवणीकडच्या त्यांच्या गावात गढीवरच्या मालकाची माणसं तिला खळ्यावरून उचलून घेऊन गेली. काही दिवसांनी ती परत आली, तर बापानं दार उघडलं नाही. मग ती विहिरीत सापडली. घरात पुन्हा कुणी तिचं नाव काढलं नाही. चांगुणाबाईंनी हे पोटच्या पोराला, अंगदलासुद्धा सांगितलं नव्हतं; शीलाच्या कानावर ते एकदा ओझरतं आलं होतं, तेवढंच. "सांगा आत्याबाई, हा माणूस लिहील तर खरंच लिहील," असा शीलानं भरवसा दिला, तेव्हा कुठं त्यांचं तोंड उघडलं.

"बाबा, मालकाचं कायबी लिही," त्या लेखकाला म्हणाल्या, "पण ती दारात उभी राहून लई हाका मारत व्हती, एवढं लिही. आमी समदे आतच व्हतो. मी हाय तवर तिचं कुणी तरी खरं सांगितलेलं मला आयकायचंय."

कोनाळ्यांनी डोळे पुसले, म्हातारीच्या पाया पडले, आणि शीलाचा ऊर भरून आला.

पुस्तक आलं ते चातुर्मासात. या घरात दरवर्षी पोथी लागायची. शीला वाचायची, चांगुणाबाई अर्थ सांगायच्या, गल्लीतल्या बायका ओट्यावर ऐकायला बसायच्या. यंदा पोथीच्या जागी कादंबरी ठेवायची असं शीलानं ठरवलं. हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. पुस्तक तिनं आधी उघडूनही पाहिलं नाही. आधी वाचून घेणं म्हणजे नैवेद्य उष्टा करणं, असं तिला वाटलं. तिथंच ती फसली.

कादंबरीत चंद्रकला नावाची एक देखणी पोरगी होती. गढीचा मालक तरणा, हळवा, सतार वाजवणारा. त्याची सतार ऐकून चंद्रकला आपल्या पायांनी गढी चढून गेली. तिच्या हनुवटीवर विळ्याचा व्रण होता, हे वाचलं आणि शीलाची जीभ अडखळली. गोदाच्या हनुवटीवरचा तो व्रण चांगुणाबाईंनी याच ओट्यावर बसून लेखकाला सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी शीलानं नांदेडला फोन लावला.

"वहिनी, वाचकाला प्रेम लागतं हो," कोनाळे समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि किती सुंदर केलंय मी तुमच्या गोदाक्कांना, ते बघा ना!"

तिनं फोन ठेवला. संतापापेक्षा तिला दुःखच जास्त झालं, घरातलं माणूस गेल्यासारखं. त्यांच्या आधीच्या कादंबऱ्यांतल्या किती बायका अशाच सुंदर केलेल्या असतील आणि आपण त्यांच्यावर खुळ्यासारखं रडलो असू, हा विचार काही केल्या तिची पाठ सोडेना.

पण लावलेली पोथी अर्धवट सोडायची नसते. रोज दुपारी ती वाचत राहिली. चांगुणाबाई मात्र मन लावून ऐकत होत्या. "नशीबवान पोरगी," असा त्या अर्थ सांगायच्या, "जीव लावणारं माणूस मिळालं तिला." बायका उठून गेल्या की हळूच विचारायच्या, "आमची गोदी कवा येती गं?"

"येईल की, पुढं येईल," शीला मान खाली घालून सांगायची. खरं सांगायची हिंमत तिला होत नव्हती, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

शेवटच्या दिवशी चंद्रकलेनं मालकाच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेजारच्या उमादेवी म्हणाल्या, "आत्याबाई, अर्थ सांगा की."

चांगुणाबाई शीलाकडे बघत होत्या. "वाच की पुढं."

"संपलं, आत्याबाई."

"संपलं? आन् आमची गोदी?"

आता मात्र शीलाला खोटं बोलवेना. "तीच होती, आत्याबाई. चंद्रकला म्हणजेच गोदाक्का. त्यांनी नाव बदललं."

म्हातारीनं विचारलं, "हिनं हाका कुठं मारल्या?"

"नाही मारल्या."

"आन् दार?"

"दारच नाही यात."

"मंग ती न्हवं," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "ही दुसरीच कुणी पोरगी हाय. आमची अजून भाईरच उभी हाय गं."