खोक्यातला आरसा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. रिकामा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आत डोकावून तुमचा हिरमोड व्हायला नको. पण एके काळी माझ्या पोटात एक मोटारगाडी होती. १९५७ सालच्या अमेरिकन शेव्हरोलेची धातूची हुबेहूब प्रतिकृती, खऱ्या गाडीपेक्षा अठरा पट लहान. अंग फिकट निळं, टप पांढराशुभ्र, मागे दोन ऐटबाज पंख. तिची दारं उघडायची, चाकं वळायची आणि चालकाच्या दाराजवळ डाळीएवढा चकचकीत आरसा होता. मी तिला बाईसाहेब म्हणतो. का म्हणतो, ते कळेलच.

कारखान्यात माझ्या आत थर्माकोलचा साचा बसवला आणि त्यात तिला निजवलं. माझ्या अंगावर तिचंच चित्र छापलेलं होतं. बोटीत, गोदामात, दुकानाच्या फळीवर मीच तिला सांभाळलं. माझा एक कोपरा चेपला, पण तिला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून एकच वस्तू आहोत. भोळा होतो झालं.

एका रविवारी सकाळी दादा मला घेऊन आपल्या धाकट्या भावाकडे आला. दादाची बेकरी आहे, धाकट्याचं चष्म्याचं दुकान. धाकट्याला जुन्या अमेरिकन गाड्यांच्या प्रतिकृती जमवण्याचा नाद. काचेच्या कपाटात अकरा गाड्या होत्या. बारावी आमची, पन्नासाव्या वाढदिवसाची भेट. लहानपणी दोघं भाऊ केस कापायला जात, तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर हीच गाडी होती. "मी चालवीन, तू मागे बस," असं दादा तेव्हा म्हणायचा. मला उघडेपर्यंत त्याने हे तीनदा सांगितलं.

धाकट्याला कुठला धीर! त्याने बाईसाहेबांना ओढूनच बाहेर काढलं. त्या ओढाताणीत आरसा साच्याच्या कडेला अडकला, टचकन तुटला आणि थर्माकोलच्या फटीत जाऊन बसला. गाडी कपाटात ठेवली ती दुसरी बाजू पुढे करून. त्यामुळे आरसा गेल्याचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मला मात्र त्याच खोलीतल्या माळ्यावर टाकलं. तिथून कपाट समोरच दिसतं, हीच तर खरी शिक्षा. बाईसाहेबांना जागेवरून न हलवता रोज समोरूनच मऊ ब्रशने झाडायचं, पिवळ्या फडक्याने पुसायचं, पाहुणे आले की "वा! वा!" करायचं. माझ्या अंगावर बोटभर धूळ. तिला सांभाळलं कोणी, असं एकानेही विचारलं नाही. मी जळलो, मित्रांनो. पुठ्ठ्याला जळायला काडी लागते म्हणतात, मला ते पिवळं फडकंच पुरलं. एकच समाधान होतं. तिचा आरसा माझ्याकडे होता.

पुढच्या रविवारी दादा आला. त्याने कौतुकाने गाडी हातात घेतली, चाकं फिरवली, परत दिली. धाकट्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि त्याचा चेहराच पडला.

"दादा, आरसा कुठे गेला?"

मग दोघेही गुडघ्यांवर बसले. कपाटाखाली झाडू घातला, गाद्या उलथ्यापालथ्या केल्या. माझ्याकडे कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. रिकाम्या खोक्यात काय असणार?

"हळू धर म्हटलं होतं ना तुला," धाकटा म्हणाला. "ही कणीक आहे का मळायला?"

"अरे, मीच आणलेली गाडी मीच मोडीन?"

"मग गेला कुठे? तुझ्याच हातात होती ना?"

दादा आपल्या जाड बोटांकडे बघत राहिला. मग चहा तसाच ठेवून त्याने चपला घातल्या आणि निघून गेला.

मला सगळं ठाऊक होतं. तरी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? बाईसाहेबांच्या सौंदर्यात खोट निघाली होती! पण पुढच्या रविवारी दादा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. धाकट्याची बायको सवयीने तीन कप काढायची आणि एक परत ठेवायची. एकदा ती म्हणाली, "डाळीएवढ्या आरशासाठी सख्खा भाऊ घालवलात तुम्ही." मला वाटलं, धाकटा आज तरी शोधेल. पण तो गाडी पुसत बसला, आणि मी पुन्हा जळत बसलो.

अशी दोन वर्षं गेली. मग एका रविवारी धाकट्याने मला खाली काढलं, माझी धूळ झटकली.

"ज्याची गाडी त्याला परत देऊन टाकतो," तो बायकोला म्हणाला. "ती बघितली की दादाच आठवतो."

माझ्या मनात काय उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! बाईसाहेब पुन्हा माझ्या पोटात येणार. ना ब्रश, ना पाहुणे. दादा रागाने मला उघडणारसुद्धा नाही. ती कायमची माझी!

धाकट्याने तिला साच्यात निजवलं. ती नीट बसेना. त्याने साचा उचलून पाहिला, आणि फटीतून आरसा टेबलावर पडला. टिक.

मी तो मुद्दाम सोडला असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे थर्माकोल ठिसूळ झालं होतं.

धाकट्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्याने फोन बायकोच्या हातात दिला. तिनेच दादाला लावून दिला.

"दादा, आरसा सापडला... खोक्यातच होता. मीच तोडला होता रे, काढताना." मग त्याने आरसा तळहातावर घेतला. शेवटी म्हणाला, "ये ना."

तासाभरात दादा आला. अंगावर मैदा तसाच. धाकट्याने चिमटा आणि गोंद त्याच्यापुढे ठेवला. दादाने हात मागे घेतले. "नको रे बाबा, तूच लाव. माझी बोटं ही अशी."

"तूच लावायचा. तू चालवणार ना? मी मागे बसतो."

त्या दिवशी तिन्ही कप भरले. बाईसाहेब कपाटात गेल्या, मी पुन्हा माळ्यावर आलो.

मित्रांनो, तुमच्या वस्तू जरूर जपा. पण एखादी वस्तू हरवली, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी ती ज्यातून काढली तो खोका एकदा हलवून बघा. मला दोन वर्षांत कुणी एकदा जरी हलवलं असतं, तरी मी टिक केलं असतं. मनात नसतानाही केलं असतं.

आता कपाटापुढे दोघं भाऊ बसतात आणि पाहुण्यांना सगळ्यात आधी तो आरसाच दाखवतात. माझं नाव अजूनही कुणी काढत नाही. पण दादाच्या हातून तो आरसा जरा तिरका बसलाय. माळ्यावरून अगदी स्पष्ट दिसतं. मला फार बरं वाटतं.