मान्यातीच्या घरचं पाणी

शेजारच्या मान्यातीच्या ओट्यावर तोटीचं निळं पिंप आलं, त्या दिवसापासून मासिबांडाला आपले तेलाचे डबे डोळ्यांसमोर नकोसे झाले. बुलावायोत नळ एकदा गेला की तीन-चार दिवस फिरकत नाही, त्यामुळे कोण पाणी कशात साठवतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मान्यातीच्या नवऱ्याने पिंप थेट जोहान्सबर्गहून पाठवलं होतं. मासिबांडाचा नवराही तिथेच कामाला होता. तो पाठवायचा निरोप.

तेही चाललं असतं. पण पायाच्या औषधासाठी गावाहून सासू आली. पोरं तिला गोगो, म्हणजे आजी, म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. म्हातारी रोज दुपारी काठी टेकत कुंपणापलीकडे जायची आणि ओठ पुसत परतायची.

"मान्यातीकडचं पाणी गोड लागतं गं," एवढंच म्हणायची. सुनेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरात सून असताना सासूने शेजारणीचं पाणी प्यावं, यापरीस नाक कापलेलं बरं.

नळ बंद राहणार अशी सूचना आली, तशी मासिबांडा तडक बाजारात गेली. पिंपवाल्याकडे दोनच पिंपं उरली होती. एक बुटकं, पांढरट, सरबताच्या कारखान्यातलं. दुसरं निळं, मान्यातीच्या पिंपाहून वीतभर उंच. जुनं पिंप घेताना आत डोकं घालून हुंगायचं, हे तिथे शाळकरी पोरीही जाणतात. मासिबांडाने वास घेतला नाही, उंची मोजली. निळ्यात आधी काय होतं ठाऊक नाही, धुण्यापुरतंच वापरा, असं पिंपवाला म्हणालाही. मला शिकवू नकोस, म्हणून तिने त्याला गप्प केलं. हातगाडी मान्यातीच्या दारावरून मुद्दाम सावकाश नेली. घरी येऊन पिंप काठोकाठ भरलं आणि तेलाचे डबे भंगारात देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी नळ कोरडा. तिने गोगोला पेला भरून दिला. म्हातारीने घोट घेतला आणि अंगणात थुंकली. मासिबांडाने चाखून पाहिलं. साबणाचं पाणी होतं.

"पलीकडून आण," गोगो म्हणाली.

"मी नाही जायची तिच्या पिंपाशी."

"पिंपात ती कपडे भिजवते. मी मडक्यातलं पिते."

"कुठल्या मडक्यातलं?"

गोगोने अंगठा वर केला. त्याचं टोक लहानपणीच विळ्याने उडालं होतं, आणि ती घडवी त्या प्रत्येक मडक्याच्या काठावर तो तुटका ठसा असे. तसलं एक मडकं तिने लग्नात सुनेला दिलं होतं. शहरात मडकं कोण वापरतं, म्हणून सुनेने ते कोंबड्यांना पाणी ठेवायला मान्यातीला देऊन टाकलं होतं. म्हातारी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पेला पुढे केला.

मासिबांडा कुंपणाशी गेली. मडकं परत मागावं असं फार वाटत होतं, पण मागायचं कोणत्या तोंडाने? मान्यातीने तिच्या हातातला पेला घेतला आणि त्याच मडक्यातून भरून आणला.

"कोंबड्यांपुढे ठेवायला माझा जीव नाही झाला बाई," ती म्हणाली. "माझ्या सासूने मला स्वतःच्या हातचं कधी काही दिलं नाही. तुझा मला फार हेवा वाटायचा."