पद्माकरच्या खिडकीसमोरचे सोलर

वाचकहो, मत्सराने एका सज्जन गृहस्थास सूर्याकडेही पाठ कशी फिरवावयास लावली, ती कथा मी नम्रपणे निवेदन करीत आहे.

जूचंद्र गावातले घर विकून धर्माला गिरीज गावी लेकीजवळ राहावयाचे होते. परंतु शेजारच्या चुलतभावाच्या, पद्माकरच्या, घराला सोलर पॅनेलमुळे जास्त भाव येईल, असे एजंट बोलला आणि धर्माच्या पोटात निखारा पडला. त्यानेही पॅनेल आणली.

कारागीर म्हणाला, "दक्षिणेकडे तोंड करू, तिकडून दिवसभर ऊन मिळतं."

धर्मा गरजला, "उत्तरेला कर! पद्माकरची खिडकी तिकडं हाय."

पुढे घर घ्यायला गिऱ्हाईक आले. त्याने विजेचे बिल पाहून मान हलवली. "काका, बिल तर उतरलंच नाही. ह्या पॅनेलचे जादा पैसे कशाचे? दक्षिणेला फिरवा, मग देतो."

धर्मा कळवळला, "मंग त्याला दिसतील कशी?"

पत्नी कृष्णाबाई कडाडली, "तुमी बसा भावोजींना दाखवत. लेकीकडं मी एकटीच जाते!"

ती पिशवी भरू लागली, तेव्हा धर्मा कारागिराला बोलावण्यास निघाला. पद्माकरच्या खिडकीकडे मात्र त्याने पाहिले नाही.

आपण धीराने वाचलेत, याबद्दल शतशः आभार.

आपला नम्र,
काशिनाथ हरी भोईर