वस्तादांचा हात

सलूनवाला दाढी बरी करायचा, पण गिऱ्हाईक यायचं ते नकलांसाठी. पोस्टमास्तर शिंकण्याआधीच माफी कशी मागतात, डॉक्टरीणबाई बिल सांगताना आवाज कसा खाली आणतात, सारं हुबेहूब. सगळ्यांत गाजलेली नक्कल त्याच्या वस्तादांची. म्हातारपणी वस्तादांचा उजवा हात थरथरू लागला आणि दुकान शिष्याकडे आलं. शिष्य आधी घोगऱ्या आवाजात म्हणे, "घाबरू नकोस बाळा, मान आहे तिथंच आहे," आणि मग फेसाळ गळ्यापाशी वस्तरा नेऊन हात लटलटा कापवी. बाकावरची मंडळी पोट धरून हसत. खुर्चीतला जरा उशिरा हसे, पण हसे.

मागच्या खोलीत टॉवेल उकळणारी त्याची बायको हसत नसे. पडद्याच्या फटीतून तिला दुकानाचं छत दिसे. वस्तऱ्यावरून उडालेला उन्हाचा कवडसा तिथे नाचू लागला की नक्कल रंगात आली, एवढं तिला कळे.

एकदा वस्ताद स्वतःच दाढीला आले. बाकावरच्या कुणीतरी काडी लावली. सलूनवाल्याने जरा आढेवेढे घेतले आणि मग वस्तादांच्याच गळ्यापाशी वस्तादांचा हात करून दाखवला. म्हाताऱ्याने डोळे मिटून सगळं होऊ दिलं. शेवटी म्हणाला, "छान जमलाय हात. राहू दे तुझ्याकडेच."

सगळ्यांत मोठ्यांदा सलूनवालाच हसला.

थंडी संपता संपता बायकोच्या लक्षात आलं, की हल्ली कवडसा आधी नाचतो आणि घोगरा आवाज मागाहून येतो. घरी त्याच्या हातातली चहाची बशी वाजली की तो लगबगीने वस्ताद होई. तिने डॉक्टरीणबाईंचं नाव काढून पाहिलं. त्याने डॉक्टरीणबाईंचीच नक्कल करून तिला वाटेला लावलं.

मग एका सकाळी एका मास्तरांच्या हनुवटीखाली बारीक लाल रेघ उमटली. मास्तर हसतच होते. वस्तादांचा हात म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं बाकाचंही मत पडलं. बायको पडदा सारून बाहेर आली, मास्तर उठताच त्याच खुर्चीत बसली आणि मान मागे टाकली.

"नक्कलच आहे ना? मग माझ्यावर करून दाखवा."

तिचा हिशेब सरळ होता. तिच्या गळ्यापाशी हात कापला, की तो आपणहून वस्तरा खाली ठेवील. गर्व दांडगा असला तरी तो तिच्या जिवाशी खेळणारा नव्हता.

गार पातं कातडीला टेकलं. तिने छताकडे पाहिलं. कवडसा खिळ्याने ठोकल्यासारखा स्थिर होता. इतक्या मायेने धरलेला हात कापेल कसा, हे तिच्या हिशेबातून राहूनच गेलं होतं.

"पाहिलंस?" तो तिच्या कानाशी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "उगाच माझा जीव खातेस. तुझ्यावर करू म्हटलं तरी होत नाही ती नक्कल."

बाकाने टाळ्या वाजवल्या. ती उठली. पडदा सारून ती पुन्हा टॉवेलांकडे गेली. तो मात्र मोठ्या दुखण्यातून उठल्यासारखा टवटवीत दिसत होता. त्याने टॉवेल झटकून पुढच्याला बोलावलं. गुबगुबीत बेकरीवाला खुर्चीत रुतला आणि फेस लावून घेऊन, मान मागे टाकून म्हणाला, की माझ्यावर मात्र वस्तादांचा हात झालाच पाहिजे.

सलूनवाल्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं. छतावर कवडसा नाचू लागला, आणि बेकरीवाला हसायला लागला.