थंड असताना की तापल्यावर?

"थांबा, बॉनेट उघडायची घाई नको. आधी सांगा, कधीपासून?" मिस्त्रींनी हात पुसत विचारलं.

"झाले असतील आठ-दहा दिवस," गाडीवाले मास्तर म्हणाले. "दुसरा गिअर टाकला की कर्र करतो."

"थंड असताना की तापल्यावर?"

"सकाळी जास्त. मग नाही."

"पहिल्यावरून टाकताना, की तिसऱ्यावरून खाली आणताना?"

मास्तर वैतागले. "अहो, तुम्ही दुरुस्ती करता की उलटतपासणी?"

पण मिस्त्रींची रीतच तशी. पाना हातात धरायच्या आधी दहा प्रश्न. गिऱ्हाईक कंटाळायचं, पण कितीदा तरी गिअरबॉक्स न खोलता नुसतं ऑइल बदलून काम भागायचं. मग तेच गिऱ्हाईक चारचौघांत त्यांचं कौतुक करत फिरायचं.

तेवढ्यात मिस्त्रींची बायको डबा घेऊन चढ चढून आली. बत्तीस वर्षं ती एकच्या ठोक्याला यायची, "जेवून घ्या, गार होईल" म्हणायची आणि आल्या पावली परत जायची. हल्ली मात्र दाराजवळच्या जुन्या टायरवर जरा टेकायची. आजही टेकली, रुमालाने कपाळ पुसत.

"काय गं, चढ चढवत नाही?" मिस्त्री हसत म्हणाले. "क्लच प्लेट गेली वाटतं तुझी! इंजिन नुसतं घुं घुं करतंय, गाडी काही पुढे सरकत नाही."

मास्तर खो खो हसले. तीही हसली. "झिजणारच हो. बत्तीस वर्षं तुम्हाला ओढतेय," म्हणाली. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला. मिस्त्रींनी ते पाहिलं. पाहिलं, आणि मास्तरांकडे वळून विचारलं, "ऑइल शेवटचं कधी बदललंत?"

तीन आठवड्यांनी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "दम कधीपासून लागतोय यांना?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

"झाले असतील... आठ-दहा दिवस."

तिने मान हलवली. हाताची पाच बोटं वर केली.

"पाच आठवडे?"

पुन्हा नाही.

"महिने," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "बरं, चालल्यावर दम लागायचा की पडल्या पडल्यासुद्धा? झोपेतून उठून बसायच्या? पाय सुजायचे?"

एकाचंही उत्तर मिस्त्रींना येईना. लोकांच्या गाड्यांचं खोकणंसुद्धा ज्यांच्या ध्यानात राहायचं, ते शाळेत अभ्यास न केलेल्या पोरासारखे खाली मान घालून उभे राहिले. स्वतःचा असा राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता. सगळी उत्तरं तिनेच दिली, मान हलवून, बोटं दाखवून. बाहेर आल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंना गाठून एकच विचारलं, आधी आणलं असतं तर? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "पाच महिन्यांपूर्वी कदाचित गोळ्यांवर भागलं असतं."

नवव्या दिवशी ती गेली.

महिन्याभराने मिस्त्रींनी गॅरेजचं शटर वर केलं. सगळं जागच्या जागी होतं. टायरही. पहिलंच गिऱ्हाईक आलं ते चष्मेवाला एक गृहस्थ, हातात चावी नाचवत.

"घरून कशीबशी चालू झाली हो. इथे बंद केली, आता चालूच होईना. नुसतं टक् टक् टक् करते."

"कधीपासून?" सवयीने तोंडातून निघून गेलं.

"मला काय माहीत! गाडी बायको चालवते. काहीतरी बडबडत होती मागे, माझं लक्ष नव्हतं."

मिस्त्रींचा हात पान्यावर तसाच थांबला.

"फोन लावा त्यांना."

"अहो, एवढ्यासाठी कशाला—"

"लावा. आणि स्पीकरवर टाका."

गृहस्थाने नाइलाजाने फोन लावून गाडीचं विचारलं. पलीकडून आवाज आला तो तक्रारीचाच. "सांगितलं होतं की तुम्हाला! खड्ड्यातून गेली की दिवे मिणमिणतात. गाडीतलं घड्याळ तर सारखं आपोआप बारावर जातं."

बॅटरीची वायर सैल. पहिल्या दोन वाक्यांतच मिस्त्रींना कळलं. दहा नंबरचा पाना, मिनिटाभराचं काम. पण ती बोलतच होती. परवा बाजाराबाहेर गाडी बंद पडली, भर उन्हात, दोन्ही हातांत पिशव्या, तीन फोन केले तर एकही उचलला नाही.

"बरं बरं, कळलं. ठेव आता," नवरा म्हणाला.

"ठेवू नका," मिस्त्रींनी हात वर केला. "बोलू द्या त्यांना."

ते दाराजवळच्या टायरवर जाऊन टेकले. फोन मागून घेतला आणि दोन्ही हातांत धरला.

"हं, बोला ताई," ते म्हणाले. "किती वेळ उभं राहावं लागलं तुम्हाला, उन्हात?"