हे प्रभू, हे म्हणतात बघू

पाळकीणबाई अनुसूयाबाईंनी चर्चच्या भगिनी मंडळात फर्मान काढलं: प्रत्येकीने प्रार्थनावही घालायची. "स्वल्प लिहा, पण रोज लिहा." बंगळुरात निम्मं आयुष्य गेल्यामुळे त्यांच्या मराठीत, थोड्याला 'स्वल्प' म्हणावं तसं, कानडी भातातल्या खड्यासारखं दाताखाली यायचं. वहीचे भाग चार. स्तुती, पापकबुली, उपकार, मागणी. क्रम हाच. "मागणी शेवटी हं! देव म्हणजे किराणा दुकानदार नव्हे."

सुलभा उजगरेला नेमका दुकानदारच हवा होता. फ्रेझर टाऊनातल्या एका शाळेने तिला तिसरीच्या वर्गावर घ्यायचं कबूल केलं होतं. अट एवढीच, की नवऱ्याचं संमतीपत्र पुढच्या सोमवारपर्यंत आणा. छप्पन साल होतं, असल्या अटींचं कोणाला काही वाटत नसे. आणि तिचा नवरा रत्नाकर, विमानाच्या कारखान्यातला इंजिनियर, महिनाभर म्हणत होता, "बघू." नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. बघूशी कोण भांडणार?

सोमवार.
स्तुती: हे प्रभू, तू महान आहेस. (पुढे सुचत नाही.)
पापकबुली: पाळकीणबाईंच्या केकला चांगला म्हटलं.
उपकार: नळाला पाणी आलं.
मागणी: (जागा पुरेना. मागच्या पानावर पाहावे.)

मंगळवार.
स्तुती: कालच्याप्रमाणे.
मागणी: हे प्रभू, हे बघू म्हणतात.

इथे घोळ झाला. प्रभूला हाक मारायची तीही 'हे', आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तोही 'हे'. जन्म मिरजेच्या मिशन कंपाउंडातला, बाप्तिस्मा पाळण्यात असताना झालेला. पण 'रत्नाकर' म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. तिच्या आज्जीने धर्म सोडला होता, ही सवय नाही. शिवाय प्रभूला अरे-तुरे आणि नवऱ्याला अहो-जाहो. रागावू नकोस, तिने समासात लिहिलं, रिवाज आहे.

बुधवारी तिने नेट लावून स्तुती लिहिली: 'हे दयाळू, हे क्षमाशील, हे सहनशील.' पुढे काय, हे सुचेना म्हणून ती चहा टाकायला उठली. वही उघडीच. रत्नाकरने वाचली.

"छान लिहितेस," तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला. "मी तसा आहे खरा. पण लोकांच्या लक्षात येत नाही."

संध्याकाळी त्याने आपले बूट आपणच पॉलिश केले. वर तिच्या चपलांवरूनही ब्रश फिरवला.

गुरुवार.
पापकबुली: ह्यांचा गैरसमज झाला. मी दूर केला नाही.
मागणी: हे ऐकत नाहीत. (कोणाबद्दल ते तुलाच ठाऊक.)

शुक्रवार, शनिवार: मागणी, मागणी.

रविवारी दुपारी तमिळ मंडळींची उपासना आटोपली की त्याच चर्चमध्ये मराठी मंडळी जमत. बाकं अजून कोमट असत. शेवटची प्रार्थना एरवी रत्नाकरची. तो आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांपासून सुरुवात करी आणि सरकार, सैन्य, रेल्वे करत परत येईपर्यंत मुलं झोपलेली असत. त्या दिवशी मात्र अनुसूयाबाई उठल्या. "आज वहीतून प्रार्थना. सुलभाबाई, या."

सगळ्यांनी डोळे मिटले. सुलभाने वही उघडली.

"हे प्रभू, तू महान आहेस."

स्तुती संपली. तिने पान उलटलं.

"शाळेला उद्या कागद द्यायचाय. मला शिकवायचंय रे. हे बघू म्हणतात. महिना झाला, अजून बघताहेत. तू तरी ह्यांना नीट बघायला लाव."

मागच्या बाकावर कोणीतरी नाकातून हसलं. रत्नाकरने एक डोळा उघडला. पण करतो काय? सभेत हरकत घेता येते. लग्नातसुद्धा पाळकसाहेब, कोणाची हरकत आहे का, विचारतात. प्रार्थनेत मध्ये बोलायची सोय नाही.

"ह्यांच्या हातून सही होवो. येशूच्या नावाने मागते."

"आमेन!" मंडळी म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने रत्नाकर. लहानपणापासूनची सवय. शब्द तोंडातून गेल्यावर आपण 'तसंच होवो' म्हणून बसलो हे त्याला कळलं, आणि तोवर पाळकसाहेब त्याचा हात हलवत होते. "शाबास, उजगरे! मोठं मन लागतं."

हलसूरपर्यंत तो चार पावलं पुढेच चालला. मग फुटला. "चर्च आहे की कोर्ट?"

"मी तुमच्याशी बोललेच नाही. प्रभूशी बोलत होते."

"सगळ्यांनी ऐकलं!"

"तुमचीही सगळे ऐकतात."

"मी आफ्रिकेबद्दल बोलतो!"

"आमेन म्हणालात ना?"

"सवयीने म्हणालो."

"मग परत घ्या. पुढच्या रविवारी उभे राहा आणि सांगा, माझं आमेन रद्द."

घराच्या पायरीवर थांबून, कुलपाशी झटापट करत तो म्हणाला, "मला वाटलं होतं तू विसरशील." हे तो पहिल्यांदाच खरं बोलला.

"नाही विसरले."

सोमवारी सकाळी त्याने सही केली. पूर्ण नाव, वडिलांसकट, खाली दोन रेघा. टोपण लावता लावता एकदम थांबला.

"आणि शनिवारी मी दुपारीच घरी येतो. मला जेवायला कोण वाढणार?"

"त्यासाठी प्रार्थना करा," सुलभा म्हणाली, आणि ओल्या शाईवर फुंकर घालत बस पकडायला निघाली.